जबरीन वगळला तो शुक्रवार: ओमानमधल्या एका छोट्या गटाचं प्रकरण

अकरा प्रवासी, तीन फोर बाय फोर गाड्या, तीन ओमानी चालक आणि टूर मॅनेजर म्हणून मी. वाळवंटातल्या एका घरात आमच्या हातून एक बुधवार बिघडला आणि त्यापुढचे दोन दिवस तो निस्तरण्यात गेले. हे सगळं सविस्तर लिहून काढण्याचं कारण असं, की गट लहान केला की सहल आपोआप 'सांस्कृतिक' होते असं आमच्या व्यवसायात बरेच जण धरून चालतात. मीही तेच धरून चालले होते. चाळीस जणांच्या बसऐवजी अकरा जण नेले, तर माणसं भेटतील, बोलतील, घराघरात जाता येईल. घरात जाता येतं, हे खरं आहे. पण अकरा माणसं एखाद्या घरात शिरली की त्या घराचं काय होतं, याचा विचार मी बुधवारच्या संध्याकाळपर्यंत केलेला नव्हता.

गट आणि आखणी

सहल जानेवारीतली, संक्रांतीनंतरच्या आठवड्यातली, आठ रात्रींची. ओमानला जायचं तर ऑक्टोबर ते मार्च हाच खरा काळ, उन्हाळ्यात आतल्या भागात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. गटात पुणे, नाशिक आणि धुळ्याची माणसं होती. सगळ्यात लहान चौतीस वर्षांची शिक्षिका, सगळ्यात मोठे बहात्तर वर्षांचे काका. धुळ्याचं एक जोडपं होतं, त्यातले काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नाशिकचे एक दादा द्राक्षबागायतदार. अकरापैकी सात जण शाकाहारी, तिघांना मधुमेह. सगळे शिकलेले, वाचून आलेले, उत्साही. त्यांच्यात कुणी वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

आखणी नेहमीची. रविवारी मस्कत, सोमवारी सुलतान काबूस भव्य मशीद आणि मुतराहचा सूक, म्हणजे बाजार, मंगळवारी किनाऱ्याने सूर शहर, बुधवारी वादी बनी खालिद करून शर्किया वाळवंट, गुरुवारी निझवा. शुक्रवारी सकाळी निझवाचा बकऱ्यांचा बाजार, मग बहला आणि जबरीनचे किल्ले, आणि दुपारी बिर्कत अल मौझ या गावात एका घरी जेवण. मग जबल अखदरच्या डोंगरावर एक रात्र आणि परत मस्कत.

ते जेवण हा सहलीचा मानबिंदू होता. आमच्या तीन चालकांपैकी जे वयाने मोठे, तेच वाटाडे. इंग्रजी उत्तम, हिंदी कामापुरती. ते घर त्यांच्या मावशीचं, तिथल्या भाषेत 'खाला'चं. मस्कतच्या ज्या एजंटमार्फत आम्ही गाड्या घेतल्या होत्या, त्यांच्या यादीत हे घर नव्हतं. वाटाड्यांनी स्वतःहून, आधीच्या वर्षीच्या ओळखीवर, "या वेळी आमच्याकडे जेवा" असं म्हटलं होतं.

सोमवारी मशिदीत सगळं सुरळीत झालं. मुस्लिमेतरांना सकाळी आठ ते अकरा एवढाच वेळ, शुक्रवारी नाहीच. बायकांनी केस, हात, पाय झाकलेले हवेत. आमच्या गटाने हे सगळं काटेकोर पाळलं. ही मशीद 2001 मध्ये उघडली, तिच्यासाठी तीन लाख टन वालुकाश्म भारतातून नेला होता, आणि आतला गालिचा इराणच्या खोरासानातल्या सहाशे बायकांनी चार वर्षं विणला. गालिच्याचं वजन एकवीस टन. हे ऐकताना धुळ्याच्या काकू हात जोडून उभ्या होत्या. मी समाधानाने मनात नोंद केली, की गट चांगला आहे, नियम पाळतो.

त्या नोंदीत माझी पहिली चूक होती. मशिदीच्या दारात फलक आहे, रक्षक आहेत, ओढणी नसेल तर आत सोडत नाहीत. घराच्या दारावर फलक नसतो.

बुधवारची संध्याकाळ

वादी बनी खालिदला आम्हाला तासभर उशीर झाला. डोंगराच्या घळीत हिरवंनिळं पाणी आणि कडेला खजुराची बनं, तिथून माणसं लवकर हलत नाहीत. मग बिदिया गावात टायरमधली हवा कमी करायला थांबलो. वाळूत चाक रुतू नये म्हणून हवा अर्ध्याच्या आसपास उतरवतात, टायर पसरतं आणि वाळूवर तरतं. तिथून पुढे डांबर संपतं. साडेबारा हजार चौरस किलोमीटरचा हा वाळूचा पट्टा, उत्तर-दक्षिण पसरलेल्या टेकड्यांच्या रांगा आणि मधल्या सपाटीवर तुरळक 'घाफ'ची झाडं. हा घाफ म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमीच. वाळूत खोलवर मुळं नेऊन उभी असते.

कार्यक्रमात छापलेलं होतं: 'बदू कुटुंबाला भेट, 45 मिनिटे. त्यानंतर वाळूच्या टेकडीवरून सूर्यास्त.' बदू म्हणजे अरबी वाळवंटातले मूळचे भटके पशुपालक. उशीर झाल्यामुळे पंचेचाळीसची पंचवीस मिनिटं झाली होती. सूर्य कुणासाठी थांबणार नाही, म्हणून कात्री भेटीला लागली. हा निर्णय माझा.

घर म्हणजे खांबांवर उभारलेली, बकरीच्या केसांच्या विणलेल्या पट्ट्यांनी आणि झावळ्यांच्या चटयांनी शाकारलेली मोठी बसायची जागा. मागे पक्की खोली, पिकअप, पाण्याची टाकी. घरात आजी, त्यांची सून, दोन लहान मुली आणि एक तरुण मुलगा. आजी आणि सुनेच्या चेहऱ्यावर 'बुर्का' होता. तिकडे बुर्का म्हणजे अंगभर वस्त्र नव्हे, तर कपाळापासून ओठापर्यंत येणारा, नाकावर उभी दांडी असलेला मुखवटा. गालिच्यावर मधोमध थाळ मांडलेला होता: कापलेली फळं, खजूर, हलवा, 'रखाल' नावाची मांड्यासारखी पातळ रोटी आणि मध.

पुढची पंचवीस मिनिटं जशी घडली तशी सांगते.

आम्ही सगळे बूट काढून आत आलो आणि अर्धवर्तुळात बसलो. सुनेने फळांचा थाळ पुढे केला. मधुमेहाच्या तिघांनी हात आडवे केले. कॅम्पवर जेवण आहे, पोट जड नको, म्हणून आणखी पाच जणांनी तेच केलं. दोघांनी एकेक खजूर घेतला. रोटी-मधाला कुणी शिवलंच नाही. मग कॉफी आली. ओमानी कावा बिनदुधाचा, बिनसाखरेचा, वेलदोड्याचा. कानाशिवायच्या छोट्या पेल्यात घोट-दोन घोटच ओततात, आणि पाहुणा पेला हलवून 'पुरे' अशी खूण करीपर्यंत पुन्हा पुन्हा ओततात. ही खूण मी गाडीत सांगायची राहून गेले होते. एका ताईंनी पेल्यावर तळहात ठेवला. एका काकांनी मोठ्याने विचारलं, "दुधाचा चहा नाही का मिळणार?" मुलाला हिंदी कळत होतं. तो उठून आत गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला.

तेवढ्यात गटातल्या एका दादांनी फोन काढून व्हिडिओ सुरू केला, तोंडाने समालोचनही चालू: "हे बघा, बदू बायका." आजीच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर फोन. सून उठली. काही न बोलता तिने मधला पडदा ओढला आणि दोन्ही मुलींना घेऊन पलीकडे गेली. परवानगीशिवाय कुणाचा फोटो घेणं हा ओमानमध्ये कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो, हे मी मुतराहच्या सूकमध्ये सांगितलं होतं. पण सूक आणि घर ही दोन्ही ठिकाणं दादांच्या डोक्यात जोडली गेली नव्हती.

मग प्रश्न सुरू झाले. उंट किती, एका उंटाची किंमत काय, महिन्याला मिळतं किती, इथे एकापेक्षा जास्त बायका करतात ना. वाटाडे पहिल्या दोन प्रश्नांचं भाषांतर करत होते. नंतर गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच कळला नाही, मलाही नाही. निघताना आजींनी विणलेले पट्टे आणि किल्लीच्या साखळ्या मांडल्या. तीन रियालच्या पट्ट्यासाठी घासाघीस झाली. आपल्याकडे बाजारात जसं हसतखेळत होतं तसंच, पण आजी हसत नव्हत्या. दीड रियालला दोन पट्टे गेले. मग मी घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना उठवलं.

सूर्यास्त फार सुंदर झाला. सगळ्यांनी फोटो काढले. थाळ तसाच भरलेला राहिला होता, हे मला आठवत होतं आणि मी ते मनातून ढकलत होते.

'इन्शाल्लाह'

रात्री कॅम्पवर शुक्रवारच्या वेळा पक्क्या करायला मी वाटाड्यांकडे गेले. बहला किती वाजता, जबरीन किती वाजता, जेवायला खालांकडे दीडला पोहोचू ना? ते म्हणाले, "इन्शाल्लाह." मी म्हटलं, म्हणजे दीड पक्के? ते पुन्हा म्हणाले, "इन्शाल्लाह, सिस्टर." तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी विषय बदलून उद्याच्या वाऱ्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

'अल्लाहची इच्छा असेल तर' हा त्याचा अर्थ. हा शब्द मनापासूनही येतो आणि नकार न दुखावता सांगायलाही येतो. दहा वर्षं आखाती देशांत गट नेल्यावर तेवढा फरक कळतो. ते जेवण होणार नव्हतं.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, निझवाच्या हॉटेलात शाकाहारी थाळी सांगायची आणि गटाला 'घरच्यांची अडचण झाली' असं सांगून मोकळं व्हायचं. ही वाट सोपी होती आणि कुणाला काही कळलंही नसतं. दुसरी, मस्कतच्या एजंटला फोन करून दबाव आणायचा. पण ते घर एजंटचं नव्हतंच आणि दबावाने मिळालेल्या जेवणाला काय चव असणार. तिसरी, काय चुकलं ते सरळ विचारायचं. मी तासाभराने पुन्हा त्यांच्याकडे गेले, शेकोटीपाशी बसले आणि म्हटलं, "आज त्या घरात आमच्याकडून काय झालं ते मला सांगा. मी ऐकायला आले आहे."

ते बराच वेळ वाळूत काडीने रेघा ओढत राहिले. मग एकेक करून सांगितलं. घरच्यांनी दुपारच्या असरच्या नमाजापासून थाळ मांडून ठेवला होता. पाहुणा थाळातलं निदान थोडं तरी खातो. नाही खाल्लं तर घरच्याला वाटतं, याला आपलं अन्न चालत नाही. पंचवीस मिनिटांत कुणी घरातून उठत नाही. फोटोचं तर बोलायलाच नको. आणि शेवटी ते म्हणाले, "त्यांना तुम्ही सगळं विचारलं. तुमच्याबद्दल त्यांना विचारायला वेळच दिला नाही. आजीने मला दोनदा विचारलं, ही माणसं कुठली, यांची मुलं काय करतात. मी तुम्हाला सांगणार तेवढ्यात पुढचा प्रश्न आला."

ते घर एजंटच्या यादीतलं होतं, त्यांना गटामागे पैसे मिळतात, हंगामात कधी कधी दिवसाला दोन गट येतात, असंही त्यांनी सांगितलं. म्हणून ती माणसं काही बोलली नाहीत. "पण माझी खाला पैसे घेत नाही," ते म्हणाले. त्यापुढे काही बोलायची गरज नव्हती.

मी विचारलं, पट्ट्यांचे उरलेले पैसे उद्या पाठवू का? त्यांनी मान हलवली. "आता पैसे दिले तर आणखी वाईट. जायचं असेल तर परत जा. बसा."

शमीखाली

गुरुवारी सकाळी निघण्याआधी मी आणि वाटाडे त्या घरी गेलो. बरोबर धुळ्याच्या काकूंनी आणलेला तिळगुळाचा डबा होता. काकूंनी तो स्वतःहून दिला होता. रात्री मी काय करते आहे याचा त्यांना अंदाज आला होता. आजींनी पुन्हा फळं मांडली, मी खाल्ली. खजूर खाल्ले. कावा तीनदा घेतला, मग पेला हलवला. बुधवारबद्दल कुणीही एक शब्द काढला नाही. आजींनी विचारलं ते मात्र सगळं सांगितलं: मी कुठली, आई आहे का, मुलं किती, इतके दिवस घर सोडून फिरते तर घरी स्वयंपाक कोण करतं. तीळ त्यांच्या ओळखीचे होते, गूळ नव्हता. सून पडद्याबाहेर येऊन बसली. तासभर गेला.

परत येऊन सगळ्या गटाला कॅम्पजवळच्या एका घाफाखाली बसवलं आणि झालेलं सगळं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. पहिली प्रतिक्रिया रागाची होती. "आम्ही पैसे भरलेत, आम्हाला आधी सांगायला हवं होतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरंच होतं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कॉफीच्या पेल्याची खूण, मी सांगितली नव्हती. एका ताईंनी विचारलं, "मधुमेह असला तरी खायचं?" वाटाडे म्हणाले, एक खजूर उचलून हातात धरा, तेवढंही चालतं. हे इतकं साधं होतं की सगळे थोडे सैलावले. व्हिडिओवाल्या दादांनी फोन काढून तो व्हिडिओ पुसला आणि वाटाड्यांना दाखवला. त्यांनी तसं करावं असं कुणी सुचवलं नव्हतं.

मग मी शुक्रवारचा प्रश्न मांडला. बहला आणि जबरीन करून दीडला जेवायला पोहोचायचं म्हणजे पुन्हा घाई, पुन्हा घड्याळ. दोन्ही किल्ले निझवाच्या पश्चिमेला, बिर्कत अल मौझ पूर्वेला. शिवाय शुक्रवार म्हणजे जुम्म्याच्या नमाजानंतर सगळं कुटुंब एकत्र जमण्याचा दिवस. त्या घरी खरोखर पाहुणे म्हणून जायचं, तर अख्खी दुपार द्यावी लागेल आणि किल्ले सोडावे लागतील.

हे सोडणं लहान नव्हतं. बहलाचा मातीचा किल्ला 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे. जबरीनच्या लाकडी छतांवरची सतराव्या शतकातली रंगीत नक्षी पाहायला लोक मुद्दाम येतात, आणि गटातल्या दोघांनी केवळ त्यासाठी ही सहल निवडली होती. मी हात वर करायला सांगितलं नाही. मतदान घेतलं असतं तर ज्यांचं हरलं असतं ते शुक्रवारभर हरलेलेच राहिले असते. मी निर्णय माझ्यावर घेतला, किल्ले रद्द केले आणि दोन्ही प्रवेशिकांचे पैसे परत देईन असं सांगितलं. वाटाड्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "खालाला फोन करतो." या वेळी 'इन्शाल्लाह' म्हणाले नाहीत.

शुक्रवार

निझवाचा बकऱ्यांचा बाजार सकाळी लवकर भरतो. गोल रिंगण, मध्ये आणि कडेने गिऱ्हाईक, आणि मधल्या वाटेने मालक बकऱ्या, मेंढ्या, वासरं दोरीला धरून फिरवतात. फिरता फिरता भाव पुकारायचा, कुणाला हवं असेल तर हाक मारून थांबवायचं, दात बघायचे, कास चाचपायची, पुन्हा सोडून द्यायचं. बुर्का घातलेल्या बदू बायकाही भाव करत होत्या. नाशिकच्या दादांना हे फार भावलं. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, इथे सगळं उघड्यावर, मोठ्याने. त्यांनी हे शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हातांनी करून दाखवलं. म्हाताऱ्याने लगेच आपला हात पुढे केला आणि रुमालाखालचा सौदा शिकून घेतला. दोघंही खूप हसले. फोन सगळ्यांचे पिशवीत होते.

बाराच्या सुमारास बिर्कत अल मौझला पोहोचलो. पुरुष नमाजाला गेलेले होते, म्हणून आम्ही गावातल्या फलजपाशी थांबलो. ओमानच्या फलज कालव्यांपैकी पाच 2006 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले, त्यातला अल खतमीन हा एक. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालून आणलेलं पाणी उघड्यावर येतं आणि तीन सारख्या पाटांत वाटलं जातं. वरच्या टोकाला पिण्याचं पाणी, ते कुणीही घ्यावं. मग मशिदीचं, मग आंघोळीचं, आणि शेवटी शेतीचं. खजुराला आधी, हंगामी पिकाला उरलं तर. धुळ्याचे काका पाटाच्या कडेला उकिडवे बसले ते उठेचनात. बुधवारी "महिन्याला मिळतं किती" हा प्रश्न त्यांनीच विचारला होता.

घरी दोन बैठकी होत्या, बायकांची आत आणि पुरुषांची बाहेर. गटातल्या सहा बायका आणि मी आत गेलो, पाच पुरुष बाहेर बसले. छोटा गटही असा दोन भागांत वाटला की घरावर ओझं होत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आत खाला, त्यांच्या दोन मुली, सुना, नाती, शेजारणी. बुर्के नव्हते, पडदे नव्हते. आमच्या बायकांना मुतराहच्या सूकमध्ये जे कधीच दिसलं नसतं ते आत होतं: मोठमोठ्याने हसणं, गाण्यांच्या भेंड्यांसारखं काहीतरी, मोबाइलवर पाहिलेल्या हिंदी मालिकांची नावं. काकूंनी रखाल भाजताना पाहिली. तापल्या लोखंडी तव्यावर ओल्या पिठाचा गोळा हातानेच फिरवत पातळ थर सोडायचा. त्यांनी पदर खोचून स्वतः करून पाहिली, दोन फाटल्या, तिसरी जमली. खानदेशातले मांडे उपड्या मडक्यावर कसे टाकतात ते त्यांनी हवेतल्या हवेत करून दाखवलं आणि खाला टाळ्या वाजवू लागल्या.

बाहेर काय झालं ते मला नंतर काकांनी आणि वाटाड्यांनी सांगितलं. घरातले मोठे, सत्तरीचे, खालांचे दीर, फलजच्या कारभारात वर्षानुवर्षं असलेले. काकांनी त्यांना पाण्याबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं: 'वकील' म्हणजे कारभारी, 'आरिफ' म्हणजे पाणी वाटणारा, खर्चाचा हिशेब ठेवणारा वेगळा. पाणी आकारमानाने नाही, वेळेने वाटतात. 'अथर' म्हणजे साधारण अर्ध्या तासाची पाळी. पूर्वी दिवसा काठीची सावली पाहून आणि रात्री ठरावीक तारे उगवताना पाहून वेळ मोजत, आता घड्याळ आहे. मग त्यांनी काकांना विचारलं, तुमच्याकडे पाणी कोण वाटतं?

काका तीस वर्षं सरकारी कालव्यांवर होते, पण त्यांनी उत्तर दिलं ते गावाने चालवायच्या फड सिंचनपद्धतीचं. पांझरा नदीवरचे बंधारे, त्यातून निघालेले पाट, प्रत्येक फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी, राखणीला जागल्या. दोघांनी गालिच्यावर खजुराच्या बिया मांडून आपापले पाट काढले. दीर म्हणाले, आमच्यात कुणी पाळी चोरली तर आरिफ त्याला सगळ्यांसमोर विचारतो. काका म्हणाले, आमच्याकडेही. मग या सत्तरीच्या आजोबांनी आणखी एक आठवण सांगितली. लहानपणी वडिलांबरोबर मस्कतला गेल्यावर त्यांनी भारताचे रुपये हाताळले होते. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळे रुपये काढले आणि 1970 पर्यंत ते ओमानमध्ये चालत. त्यांच्या रियालचे आजही हजार 'बैसा' होतात, आणि तो बैसा म्हणजे आपला पैसा. काकांनी खिशातून दहाची नोट काढून त्यांना दिली. आजोबांनी ती दोन्ही बाजूंनी नीट पाहिली आणि डिश्दाशाच्या, म्हणजे अंगातल्या लांब झग्याच्या खिशात ठेवली.

आम्ही साडेपाचला उठलो. साडेचार तास बसलो होतो. गटाचा एकच फोटो आहे, निघताना खालांच्या नातीने तिच्या फोनवर काढलेला. तिने तो नंतर फक्त काकूंना पाठवला.

हिशेब

जबरीनसाठी आलेल्या दोघांनी सहल संपल्यावर लेखी तक्रार केली. ती योग्य होती. छापलेला कार्यक्रम मी मोडला होता. प्रवेशिकांचे पैसे परत दिले, पण प्रवेशिकेच्या पैशांनी जबरीनची छतं भरून निघत नाहीत. बाकीच्यांपैकी चौघांनी सांगितलं की शुक्रवार हीच त्यांची सहल होती. दोघांनी काहीच सांगितलं नाही.

बुधवारच्या कुटुंबाबद्दल मी अजून अस्वस्थ आहे. मी परत गेले, बसले, खाल्लं. पण गटातल्या अकरा जणांनी ते घर पाहिलं ते तेवढ्या पंचवीस मिनिटांतच, आणि त्या घराने त्या अकरांना पाहिलं तेही तेवढंच. एजंटच्या यादीतल्या घरांना पैसे मिळतात आणि त्या पैशांची त्यांना गरज असते, म्हणून तिथे जाऊच नये असं मी म्हणणार नाही. पण पैसे घेणाऱ्या घरात पाहुण्याला काहीही माफ असतं, असं मला आधी नकळत वाटत होतं. वाटाड्यांच्या खालांनी पैसे घेतले नाहीत म्हणून आम्ही त्यांच्याकडे नीट वागलो. हे मला टोचतं.

तेव्हापासून आखणी बदलली आहे. एका घरी सहापेक्षा जास्त जण जात नाहीत. गट बाराचा असेल तर दोन घरं. कोणाचं घर, घरात कोण कोण असणार, वार कोणता, हे आधी विचारते. त्यांच्या सवडीचा वार नसेल तर जात नाही. घरभेटीच्या दिवशी दुसरं काही ठेवत नाही, सूर्यास्तसुद्धा नाही. गाडीतच पेला हलवायचा सराव घेते, रिकामा पेला हातात देऊन. शाकाहार आणि मधुमेह वाटाड्यांना आदल्या दिवशी कळवते, म्हणजे घरी ते तसं सांगू शकतात आणि थाळासमोर कुणाला हात आडवे करावे लागत नाहीत. आणि फोन मी गोळा करत नाही, माणसं मोठी आहेत. फक्त एवढंच सांगते, की घरच्यांनी फोन काढला तर तुम्हीही काढा.

बहला आणि जबरीन परत घेतले आहेत. त्यासाठी निझवामध्ये एक रात्र वाढली आणि खर्चही वाढला. चौकशी करणाऱ्यांपैकी काही जण तेवढ्यावरून मागे फिरतात. त्यांना स्वस्तातली आखणी हवी असते, आणि ती मला आता जमत नाही. गेल्या महिन्यात वाटाड्यांचा निरोप आला, खाला विचारत आहेत: पाणीवाले काका या वर्षी येणार का. धुळ्याला फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, गुडघा दुखतोय, पण विचारतो डॉक्टरांना.